अपुऱ्या साक्षीचा जाहीरनामा

सोलापूर शहर आणि जिल्ह्यातल्या सर्व ख्रिस्ती मंडळ्यांना, त्यांच्या पाळकांना, वडीलजनांना, महिला मंडळांना आणि तरुण संघांना सलाम.

आम्ही नैराश्याचा आजार असलेली ख्रिस्ती माणसे आहोत. आमच्यातली काही बरी झाली, काही बरी होऊन पुन्हा आजारी पडली, काहींची गोळी चालू आहे आणि काहींनी अजून डॉक्टरांची पायरी चढलेली नाही. आमच्यात नर्स आहेत, रेल्वेतले लोक आहेत, शिक्षक आहेत, विड्या वळणाऱ्या बायका आहेत, कॉलेजातली पोरे आहेत, पाळकही आहेत. आमचा येशूवर विश्वास आहे. हे वाक्य मुद्दाम आधीच लिहून ठेवतो, कारण आमच्या आजाराची कुणकुण लागली की पहिला संशय आमच्या विश्वासावरच घेतला जातो.

आमचे म्हणणे असे. नैराश्य हा आजार आहे. तो विश्वास असताना होतो, विश्वास असताना राहतो, आणि ज्याला तो झाला आहे त्याला बरे होण्याआधी मंडळीत तोंड उघडता आले पाहिजे. बरे झाल्यावर बोलायला कोणाची ना नाही. बरे होण्याआधी बोलायला मात्र जागा नाही. ती मिळवण्यासाठी ही चळवळ.

साक्ष कशी द्यायची हे आपल्या सर्वांना पाठ आहे. उपवास-प्रार्थना असो की कोणाच्या घरची प्रार्थनासभा, एक जण उभा राहतो. मी आजारी होतो, डॉक्टरांनी हात टेकले, विश्वासणाऱ्यांनी प्रार्थना केली, प्रभूने बरे केले. सगळे आमेन म्हणतात आणि ढोलकीवर गीत सुरू होते. अशा साक्षींना आमचा विरोध नाही. त्यांतल्या काही आमच्याच आहेत. पण या साच्यात ज्याची गोष्ट संपली आहे त्यालाच उभे राहता येते. ज्याची अजून मध्येच अडकली आहे त्याने काय बोलावे? उपासना सुटल्यावर पाळकसाहेब दारात हात मिळवताना विचारतात, "काय, बरं आहे ना?" उत्तर ठरलेले असते, "प्रभूच्या कृपेने बरं आहे." रात्रभर डोळ्याला डोळा न लागलेली बाईही हेच सांगते आणि चपला शोधायला लागते.

सर्वांत वाईट गत होते ती, ज्याने साक्ष दिली आणि वर्षा-दोन वर्षांनी ज्याचा आजार परत आला त्याची. नैराश्य उलटणारा आजार आहे. एकदा होऊन गेलेल्यांपैकी साधारण निम्म्यांना तो पुन्हा गाठतो. पण साक्ष दिलेल्या माणसाला वाटते, आता परत आजारी आहे म्हणालो तर मागची साक्ष खोटी ठरेल, म्हणजे देवच खोटा ठरेल. म्हणून तो गप्प राहतो. मग मागच्या बाकावर बसू लागतो. मग येईनासा होतो. मंडळी म्हणते, थंड पडला.

हा आजार ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे भाग आहे. सोलापुरात नळाला चार-चार, पाच-पाच दिवसांनी पाणी येते. पाण्याच्या दिवशी पहाटे तीनला उठावे लागले तरी अख्खे घर उठते. त्या पहाटे जी सून अंथरुणातून उठत नाही तिला गल्ली काय काय म्हणते ते आपण ऐकले आहे. तिला नळाचा आवाज ऐकू येत असतो. हंडे कुठे आहेत ते माहीत असते. उठायला हवे हेही तिला कळत असते, बाकीच्यांपेक्षा जास्तच कळत असते. पण उठवत नाही. दोन आठवडे आणि त्याहून जास्त काळ, जवळजवळ रोज, मन उतरलेले राहणे, कशातच गोडी न वाटणे, झोप उडणे किंवा अतोनात येणे, जेवण नकोसे होणे, लक्ष न लागणे, आपण कवडीमोल आहोत असे वाटणे, मरण बरे वाटणे, यांतले बरेचसे एकत्र आले की डॉक्टर त्याला नैराश्य म्हणतात. आपल्याकडे कोणी मन दुखते म्हणून दवाखान्यात जात नाही. डोके जड आहे, छातीत धडधडते, अंगात कणकण आहे, पोटात जळजळते असे सांगतात. मग वर्षभर ताकदीची इंजेक्शने आणि सलाईन चालते. पैसे जातात, आजार तिथेच.

बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ साली देशभर मानसिक आरोग्याचे सर्वेक्षण केले. त्यात दर वीस प्रौढांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्य येऊन गेलेले किंवा चालू असलेले आढळले. वेगवेगळ्या मानसिक विकारांत मिळून दहापैकी सात ते नऊ जणांपर्यंत उपचार पोहोचलेलेच नव्हते. आपल्या मंडळीत दोनशे माणसे रविवारी बसत असतील तर हिशेब प्रत्येकाने आपला करावा. ख्रिस्ती असल्याची सूट या आकड्यांत कुठे दिसत नाही.

ख्रिस्ती माणसाच्या नैराश्यात एक गोष्ट मात्र वेगळी असते. हा आजार ज्याच्या त्याच्या घरातली भाषा उचलतो. व्यापारी खचला तर त्याला वाटते, आपले दिवाळे निघाले, गल्ल्यात पैसे असतानाही. ख्रिस्ती माणूस खचला की त्याला वाटते, आपल्या हातून ते एक पाप घडले आहे ज्याला क्षमा नाही. पवित्र आत्म्याविरुद्धच्या पापाचा उल्लेख शुभवर्तमानात एवढासाच आहे, पण नैराश्यातले डोळे बरोबर त्यावरच जाऊन अडकतात. प्रार्थनेला बसले तर शब्द येत नाहीत. शास्त्र उघडले तर ओळी नुसत्या दिसतात, आत जात नाहीत. तापात तोंडाची चव जाते तेव्हा कोणी म्हणत नाही की तुझे अन्नावरचे प्रेम आटले. प्रार्थनेची चव गेली तर मात्र निकाल लगेच लागतो.

इंग्रज कवी विल्यम कूपर याची हकीकत आपल्या सर्व पाळकांना माहीत असायला हवी. जगभरच्या मंडळ्या आजही ज्याची गीते गातात तो हा माणूस १७७३ साली अशा समजुतीने कोसळला की देवाने आपल्याला कायमचे टाकून दिले आहे. त्यानंतर तो १८०० साली वारला तोवर उपासनेला म्हणून गेला नाही. आपण नाकारलेले आहोत ही समजूत त्याच्या मनातून शेवटपर्यंत गेली नाही. त्याच्या गावचा पाळक होता जॉन न्यूटन, पूर्वी गुलामांच्या जहाजाचा कप्तान आणि नंतर ख्यातनाम गीतकार. न्यूटनने या आजारी मित्राला वर्षाहून अधिक काळ आपल्या स्वतःच्या घरात ठेवून घेतले. त्याला मंडळीतून काढले नाही, बरा झाल्याची साक्ष मागितली नाही, आणि त्याने आधी लिहिलेली गीते आपल्या गीतांबरोबर १७७९ साली छापली. कूपर बरा झाला नाही. गीते राहिली. न्यूटनच्या प्रार्थना वाया गेल्या असे कोणी म्हणणार असेल तर त्याने हे दोन्ही एकत्र ठेवून पाहावे.

शास्त्रात आमच्यासारखी माणसे कमी नाहीत. एलीयाचेच पाहा. कर्मेल डोंगरावर त्याने एवढा मोठा विजय मिळवला. आपल्या साच्याप्रमाणे त्याची साक्ष तिथेच संपायला हवी होती. पण राणी ईजबेलीचा जिवे मारण्याचा निरोप येताच तो जीव घेऊन पळाला, रानात एका झुडपाखाली बसला आणि देवाकडे मरण मागू लागला. पुढे देवाने काय केले तो क्रम आम्ही तुमच्यापुढे ठेवतो. आधी त्याला झोपू दिले. मग दूताने त्याला स्पर्श केला आणि निखाऱ्यावर भाजलेली भाकर व पाण्याचे भांडे दाखवले. तो जेवला आणि पुन्हा झोपला. दूताने दुसऱ्यांदा उठवले ते पुन्हा जेवायला, आणि कारण दिले ते एवढेच की तुझी वाट तुला झेपण्यापलीकडची आहे. चाळीस दिवसांनी होरेबावर पोहोचल्यावर देवाने त्याला पहिला प्रश्न विचारला. झोप, स्पर्श, अन्न, पाणी, आणि नंतर कधीतरी प्रश्न. आपल्याकडे प्रश्न आधी येतो: विश्वासात कमी कुठे पडलास? भाकरीचे तर कोणी विचारतच नाही.

स्तोत्रसंहितेतले अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र आपण उपासनेत क्वचितच वाचतो. बाकीची बहुतेक विलापाची स्तोत्रे शेवटी कुठेतरी आशेकडे वळतात. हे वळत नाही; अंधारात सुरू होऊन अंधारातच थांबते. ज्यांनी शास्त्राचा संग्रह केला त्यांना ते गाळता आले असते, निदान शेवटी एक उजेडाची ओळ जोडता आली असती. त्यांनी तसे केले नाही. यिर्मयाने आपल्या जन्मदिवसाला शाप दिला. ईयोबानेही दिला. पौलाने आपल्या देहातला काटा काढावा म्हणून तीनदा विनंती केली, तो निघाला नाही, आणि तरीही त्याने करिंथच्या मंडळीला तसे उघड पत्राने कळवले. बरे न होता दिलेली ती साक्ष नव्या करारात आहे. स्वतः प्रभूने गेथशेमाने बागेत तिघा शिष्यांना आपला जीव मरणाएवढा दुःखी झाल्याचे सांगितले आणि जवळ जागत बसायची विनवणी केली. ते झोपले, हा भाग वेगळा. पण त्याने लपवले नाही.

आता जरा आपल्या घरातली गोष्ट. मराठीत शुभवर्तमान पहिल्यांदा छापले गेले ते बंगालात, श्रीरामपूरच्या छापखान्यात. मिशनरी विल्यम कॅरी यांनी वैजनाथ पंडितांच्या मदतीने १८०५ साली मराठीचे व्याकरण आणि मत्तयाचे शुभवर्तमान काढले, आणि १८११ साली नवा करार. आपल्या मुलांना आपण हे शिकवतो. त्याच वर्षांत कॅरींची पत्नी डोरोथी त्याच घरात, शेजारच्या खोलीत, कोंडून ठेवलेली होती, हे शिकवत नाही. तिला हिंदुस्थानात यायचेच नव्हते. तान्हे मूल घेऊन शेवटच्या घटकेला ती निघाली. १७९४ साली तिचा पाच वर्षांचा मुलगा पीटर वारला आणि तिचे मन फिरले ते परत ताळ्यावर आले नाही. १८०७ च्या डिसेंबरात ती गेली. तिचा आजार नुसते नैराश्य नव्हता, संशयाचे भ्रम त्यात होते, आणि त्या काळी त्याला औषधही नव्हते. कॅरींना दोष द्यावा असे आम्हाला वाटत नाही. पण मराठीत देवाचा शब्द आला तेव्हा भिंतीपलीकडून तिचा आक्रोश ऐकू येत होता. मिशनच्या इतिहासात कॅरींना प्रकरणे मिळतात आणि डोरोथीला जेमतेम परिच्छेद. आम्ही त्या परिच्छेदातली माणसे आहोत.

मराठी ख्रिस्ती माणसाला दुःख लपवायला कोणी शिकवले हे कोडेच आहे. लक्ष्मीबाई टिळकांनी तर शिकवलेले नाही. १८९५ च्या फेब्रुवारीत त्यांचे पती रेव्हरंड टिळक यांनी बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंचा संसार एका दिवसात उसवला. पुढच्या ताटातुटीतला काही काळ त्यांनी आपल्याच जिल्ह्यातल्या पंढरपुरात काढला. त्यांची आत्मकथा 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागांनी पुस्तकरूपात आली. तोवर लक्ष्मीबाई केव्हाच ख्रिस्ती झाल्या होत्या, टिळकही जाऊन पंधरा वर्षे झाली होती. पुढे सारे चांगले झाले म्हणून मागचे रडणे पुसून टाकायला त्यांना पूर्ण मुभा होती. त्यांनी पुसले नाही. टिळकांच्या रागलोभालाही झाकले नाही. मराठी ख्रिस्ती माणसाच्या हातून उतरलेले सर्वांत मोठे गद्य असे आहे, आणि आपण मात्र दारात चपला शोधत "बरं आहे" म्हणतो.

अमेरिकन मराठी मिशन १८१३ साली मुंबईत आले, १८३१ साली अहमदनगरला गेले आणि १८६० च्या दशकात सोलापुरात पोहोचले. मिशनने उपासना मंदिराबरोबर शाळा आणि दवाखाने काढले. आपल्या आजी-पणजीने ख्रिस्त स्वीकारला तेव्हा देवऋषी सोडला, अंगारा सोडला, गळ्यातला गंडा तोडला, आणि ताप आला की मिशनच्या दवाखान्याची वाट धरली. डॉक्टर वानलेस यांनी १८९४ साली मिरजेत इस्पितळ सुरू केल्यावर दूरदूरची माणसे तिथे जात. पुढे कुर्डुवाडीहून पंढरपूरमार्गे जाणारी नॅरोगेजची छोटी गाडी होती. आपल्या समाजातल्या मुली पिढ्यानुपिढ्या नर्स झाल्या. महाराष्ट्रातल्या कितीतरी वॉर्डांत रात्रीच्या पाळीला आपल्याच मुली उभ्या राहिल्या आणि आहेत. त्याच समाजात आज मनाच्या आजारावर पुन्हा अंगारा निघाला आहे, फक्त बाटलीतल्या तेलाच्या रूपात. देवऋषी परत आला आहे, फक्त माईक हातात घेऊन. दिवसभर दुसऱ्यांना वेळेवर गोळ्या देणारी सिस्टर घरी आल्यावर स्वतःची गोळी पिठाच्या डब्यामागे लपवते.

दुष्टात्मे असतात की नसतात, यावर आमच्यातच एकमत नाही. ते व्हायलाच हवे असेही नाही. पण मत्तयाने येशूकडे आणलेल्या लोकांची यादी दिली आहे, तीत दुखणाईत, भूतग्रस्त, फेफरेकरी आणि पक्षाघाती वेगवेगळे सांगितले आहेत. पहिल्या शतकातल्या जकातदाराला जो फरक कळत होता तो आपल्याला कळायला हरकत नसावी. शिवाय पौलाचा सोबती लूक वैद्य होता, आणि पौलाने तीमथ्याला पोटाच्या दुखण्यावर प्रार्थनेऐवजी थोडा द्राक्षारस सुचवला होता. तेवढ्यावरून तीमथ्याला पाळकपदावरून काढल्याचे कुठे वाचनात नाही.

आणखी एक उलट टोकाचा सल्ला आम्हाला मिळतो, तोही नोंदवतो. काही शिकलेले मित्र सांगतात की तुमच्या आजाराचे मूळ चर्चच आहे, ते सोडा म्हणजे सुटाल. आम्हाला हे पटत नाही. मंडळीने आम्हाला दुखावले हे खरे. पण जिने काही न बोलता रोज संध्याकाळी येऊन पोळ्या लाटून दिल्या ती बहीणही मंडळीतलीच होती. गाता येत नसताना दुसऱ्यांच्या आवाजात बसून राहता येते, हे आम्ही उपासनेतच शिकलो. आम्हाला बाहेर पडायचे नाही. आतच, मधल्या बाकांवर, आजारासकट बसायचे आहे.

गोळीने सगळे होते असेही आम्ही म्हणत नाही. गोळीने कर्ज फिटत नाही, नवऱ्याची दारू सुटत नाही, मिल बंद पडलेल्या घरातला तिसऱ्या पिढीचा रिकामपणा जात नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती झाल्यावर अनुसूचित जातीच्या सवलती जातात. त्यामुळे कागदावर एक आणि वेशीत दुसरे असे दुहेरी जगणे आपल्यातल्या कितीतरी घरांच्या वाट्याला आले, त्याचाही ताण मनावर येतो. हे सगळे बोलायला हवे. पण घर बांधेपर्यंत तापलेल्या माणसाला औषध देऊ नये, असे कोणी म्हणत नाही.

मंडळ्यांकडे मागणे

कोणत्याही पाळकाने, प्रचारकाने वा प्रार्थना करणाऱ्या बहिणीने कोणालाही डॉक्टरांची गोळी बंद करायला सांगू नये. विश्वासाची कसोटी म्हणून तर नाहीच नाही. या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी जास्तही. मळमळ, झोपाळूपणा असला त्रास आधी सुरू होतो. नेमक्या त्याच पंधरवड्यात कोणीतरी येऊन सांगते की बघ, गोळ्यांनी काही होत नाही, प्रभूवर टाक. बरे वाटू लागल्यावरही औषध साधारण सहा महिने ते वर्षभर घ्यावे लागते, पुन्हा पुन्हा उलटणाऱ्यांना अधिक. आणि थांबवायचे ते डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू. या गोळ्यांचे व्यसन लागत नाही. प्रार्थना करा, डोक्यावर हात ठेवून करा, आम्हाला ती हवी आहे. मग विचारा, आजची गोळी घेतलीस का?

भूत काढण्याच्या नावाखाली मारणे, बांधणे, उपाशी ठेवणे हे पाप आहे आणि गुन्हाही. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा कोणता धर्म आहे ते पाहत नाही. मनोरुग्णाला साखळीने बांधण्यास २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने बंदी आहे. असे कुठे घडताना दिसले तर आम्ही आधी थांबवू, नंतर मंडळीची बदनामी होईल की नाही याचा विचार करू.

प्रार्थनेच्या विनंतीतून गावभर बातमी होऊ नये. "प्रार्थनेसाठी म्हणून सांगते हं" या शब्दांनी आपल्याकडे जितकी गुपिते फुटली तितकी पाणवठ्यावरही फुटली नसतील. लग्नाच्या मुलीचा आजार व्हॉट्सॲपच्या प्रार्थना ग्रुपवर टाकणाऱ्याने ती प्रार्थना कोणाकडे पाठवली, याचा विचार करावा.

बाळंतिणीचे रडणे ओळखा. पहिल्या काही दिवसांचे रडू आपोआप ओसरते. दोन आठवड्यांनंतरही ते थांबत नसेल, बाळाकडे बघवत नसेल, झोप उडाली असेल, तर बाप्तिस्म्याच्या जेवणाची तयारी बाजूला ठेवून आधी तिला डॉक्टरांकडे न्या.

ज्यांनी आत्महत्या केली त्यांना आपल्या दफनभूमीत, आपल्या पाळकाच्या हातून, आपल्या गीतांसह माती मिळावी. कॅथलिक धर्मसभेच्या १९१७ च्या कायद्यात जाणूनबुजून जीव देणाऱ्याला धर्मविधी नाकारलेला होता. १९८३ च्या कायद्यात ती तरतूद उरली नाही. देशाच्या कायद्यानेही २०१७ साली मान्य केले की असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच धरावे, आणि त्याला शिक्षेऐवजी मदत द्यावी. रोमने आणि दिल्लीने जे मान्य केले ते सोलापुरात कोपऱ्यातली जागा दाखवून नाकारले जाऊ नये. त्या घरी पहिल्या आठवड्यानंतर कोणी जात नाही. आम्ही जाऊ.

आणि पाळकांविषयी. त्यांच्याजवळ सगळे बोलतात, त्यांनी कोणाजवळ बोलायचे? बदल्या, अपुरा पगार, कमिटीतली भांडणे, तीन ठिकाणच्या उपासना आणि दर रविवारी आनंदी चेहरा. लंडनचा चार्ल्स स्पर्जन हा एकोणिसाव्या शतकातला सर्वांत गाजलेला उपदेशक. १८५६ साली त्याच्या सभेत कोणीतरी आगीची खोटी आरोळी ठोकली, चेंगराचेंगरीत सात जण मेले, आणि बावीस वर्षांचा स्पर्जन पार ढासळला. आयुष्यभर त्याला नैराश्याचे झटके येत राहिले. त्याने ते लपवले नाही; पाळक होऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यावर एक अख्खे व्याख्यान दिले. आपल्या पाळकांना महिन्यातून एक दिवस असा मिळावा की ज्या दिवशी त्यांना कोणाचेच सांत्वन करावे लागणार नाही.

आम्ही काय करणार

फार मोठे काही नाही. आम्ही डॉक्टर नाही, बरे करणारे नाही, पैसे घेऊन समुपदेशन करणार नाही. आम्ही ऐकायला शिकणार आहोत. हे शिकता येते. शेजारच्या गोव्यात 'संगत' या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या, डॉक्टर नसलेल्या माणसांना तयार केले. त्यांनी सहा-आठ बैठकांत नैराश्याच्या रुग्णांना छोट्या छोट्या कामांकडे परत वळवले आणि त्याचा गुण आला, हे २०१७ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. झिंबाब्वेत डॉक्टर डिक्सन चिबांडा यांनी दवाखान्याबाहेरच्या बाकावर आजीबाईंना बसवून हेच केले. साताऱ्यात 'परिवर्तन' संस्थेचे मानसमित्र खेड्यापाड्यांत हे काम करतात. आजीबाई आणि बाके या दोन्हींचा आपल्या मंडळ्यांत तुटवडा नाही.

ज्याला सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात एकट्याने जायची लाज वाटते त्याच्याबरोबर आमच्यातला कोणीतरी जाईल, केसपेपरच्या रांगेत उभा राहील आणि बाहेर आल्यावर चहा पाजेल. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने १९५७ साली मानसोपचार सुरू केले तेव्हापासून रुग्णाबरोबर घरच्या माणसाला ठेवून घेण्याची रीत पाडली. ज्याच्या घरचे येत नाहीत त्याचे घरचे आम्ही होऊ. पाण्याच्या दिवशी जिला उठवत नाही तिच्या दारात जाऊन हंडे भरून देऊ आणि उपदेश न करता परत येऊ. कोणी मरणाची भाषा केली तर त्याला एकटे सोडणार नाही, विषय बदलणार नाही, सरळ विचारू, घरच्यांना जागे करू, डॉक्टरांकडे नेऊ. रात्री-अपरात्री काही सुचले नाही तर सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर फुकट आहे आणि मराठीत बोलते. हा क्रमांक प्रत्येक मंडळीच्या सूचनाफलकावर, गीतांचे आकडे लावतात त्या पाटीशेजारी लागावा.

महिन्यातून एकदा आम्ही बसू. तिथे साक्ष होईल, पण शेवट नसलेली. "मी अजून आजारी आहे" एवढेच सांगून कोणालाही खाली बसता येईल. त्यावर कोणी वचन काढून दाखवणार नाही, कोणी स्वतःच्या मामेभावाची गोष्ट सांगणार नाही. थोडा वेळ शांतता राहील. ती सुरुवातीला फार अवघड जाईल, कारण ती भरून काढायची आपल्याला सवय आहे. ज्यांना गावेसे वाटेल ते गातील. तेलुगू आणि कन्नड बोलणाऱ्या मंडळ्यांतल्या भावाबहिणींनी आपापल्या भाषेत बोलावे. समजणारे आमच्यात पुष्कळ आहेत. दुसऱ्या धर्माचा शेजारी येऊन बसला तर बसेल. त्याला कोणी पत्रक देणार नाही.

चळवळीला आम्ही नाव दिलेले नाही. नाव दिले की लेटरहेड येतो, लेटरहेड आला की अध्यक्ष येतो, आणि अध्यक्ष आल्यावर आपल्या मंडळ्यांत पुढे कोर्टापर्यंत काय काय होते हे इथे लिहायची गरज नाही. वर्गणी नाही, इमारत नाही, परदेशी पैसा नाही. बसायला जागा कोणती मंडळी देते ते पाहू. कोणीच दिली नाही तर कोणाच्या तरी गच्चीवर बसू.

या पत्रकाखाली सह्यांसाठी जागा सोडली आहे. ज्यांना हा आजार आहे त्यांनी नाव लिहायची सक्ती नाही. आद्याक्षर चालेल, रेघ चालेल, कोरे सोडले तरी चालेल. पाळकांनी आणि वडीलजनांनी मात्र पूर्ण नाव, मंडळीचे नाव आणि ज्या वेळी दार वाजवले तर चालेल ती वेळ लिहावी.